चालू करणारा चालतो, बंद करणारा नाही

नव्या मोटारीच्या डॅशबोर्डवर एक लहानसं बटण असतं. त्यावर इंग्रजीतलं ए हे अक्षर, भोवती गोल वळलेला बाण आणि शेजारी ऑफ अशी छपाई. बीड–परळी रस्त्यावर वडवणीच्या चौकात उभ्या असलेल्या वर्षा-दीड वर्षाच्या कुठल्याही गाडीत डोकावावं. सीटवरचं प्लास्टिक तसंच असतं, कारण ते काढलं की गाडी जुनी झाली असं धरतात. मागच्या वायपरचं, फॉग लॅम्पचं बटण शोरूममधून आलं तसं कोरं करकरीत. हे एकच बटण तेवढं बोटाने घासून पुसट झालेलं. आधी डॅशबोर्डवरच्या गणपतीला नमस्कार, मग किल्ली, मग हे बटण, असा क्रमच ठरून गेला आहे. सीटबेल्टचा नंबर त्यानंतर, तोही पुढे पोलीस दिसले तर. हे बटण ज्या यंत्रणेला गप्प बसवतं तिला कंपन्या स्टार्ट-स्टॉप किंवा आयडल स्टॉप म्हणतात. गाडी थांबली, न्यूट्रल केली, क्लचवरचा पाय काढला की इंजिन आपोआप बंद होतं आणि क्लच दाबला की आपोआप चालू होतं. ऑटोमॅटिक गाडीत हेच काम ब्रेकवरच्या पायाने होतं. उभ्या गाडीने फुकट तेल पिऊ नये, एवढाच यातला हेतू. त्या हेतूला कुणाचा विरोध नाही. यंत्रणा मात्र कुणालाच नको आहे.

या बाबतीत वडवणी एकटी नाही. ही कल्पना टोयोटाने 1974 साली जपानमध्ये क्राउन मोटारीत आणली. नुकताच तेलाच्या भावाचा भडका उडालेला होता आणि थेंब थेंब वाचवायचे दिवस होते. त्याला पन्नास वर्षं उलटल्यावर, मे 2025 मध्ये, अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे प्रमुख ली झेल्डिन यांनी जाहीर करून टाकलं की ही यंत्रणा सगळ्यांना नकोशी आहे आणि आपण तिचा बंदोबस्त करणार आहोत. पर्यावरण राखण्यासाठी नेमलेला माणूस आणि चौकातला बोलेरोवाला यांचं एखाद्या प्रश्नावर एकमत व्हावं, हा योग दुर्मीळ. पण एकमत झालं म्हणून कोडं सुटत नाही. अमेरिकेतल्या माणसाचं सोडा, त्याला पेट्रोल स्वस्त पडतं. आपला माणूस डिझेल भरताना आकड्यावरची नजर हलवत नाही, नोझल काढल्यावर नळी झटकून शेवटचा थेंबही टाकीत घेतो, गाडी घ्यायला गेला की रंगाच्या आधी अॅव्हरेज विचारतो. काटकसर रक्तात असलेल्या या माणसाला काटकसर करणारं यंत्र का नको व्हावं?

सोपं उत्तर असं देतात की खेड्यापाड्यातल्या माणसाला आपोआप चालणाऱ्या गोष्टी मानवत नाहीत. हे उत्तर देणाऱ्याने वडवणी तालुक्यातल्या एखाद्या विहिरीवर जाऊन यावं. तिथे पंपाच्या पेटीत ऑटो बसवलेला असतो. लाईट आली की पंप आपोआप सुरू, शेतकरी घरी गाढ झोपेत. महावितरण वर्षानुवर्षं विनवतंय की हे ऑटो स्विच काढा, त्याऐवजी कॅपॅसिटर बसवा. कारण लाईट आली रे आली की एका डीपीवरचे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचे, सगळे पंप एकाच क्षणी उठतात, भार एकदम वाढतो आणि डीपी जळतो. डीपी जळाला की नवा येईपर्यंत उभं पीक वाळतं, हे शेतकऱ्याला महावितरणपेक्षा जास्त ठाऊक आहे. तरी तो ऑटो काढत नाही. लाईट रात्री दोनला येणार असेल तर इचूकाट्यात मी कशाला जाऊ, हा त्याचा सवाल बिनतोड आहे. म्हणजे आपोआप चालणाऱ्या यंत्रासाठी सरकारी कंपनीशी भांडणारा माणूस हाच, आणि आपोआप चालणाऱ्या यंत्रावरून मोटार कंपनीला शिव्या देणाराही हाच. फरक एवढाच की विहिरीवरचा ऑटो बंद पडलेलं चालू करतो आणि मोटारीतला ऑटो चालू असलेलं बंद करतो. दुसरा फरक त्याहून मोठा. पहिला त्याने स्वतः पैसे मोजून बसवून घेतला, दुसरा कंपनीने न विचारता बसवून दिला आणि त्याचे पैसेही किमतीत धरून घेतले. तक्रारीचं मूळ या दोन फरकांत आहे, बाकीची कारणं नंतर गोळा केलेली आहेत.

ती कारणं बहुतेक मेस्त्रीच्या गॅरेजमध्ये जन्माला येतात. पहिलं कारण, सेल्फ जातो. दिवसातून दहादा फिरणारा सेल्फ पन्नासदा फिरला तर जाणारच, हा हिशेब वरवर बरोबर वाटतो. पण अशा गाड्यांचा सेल्फ मुळातच कित्येक पट जास्त वेळा फिरण्यासाठी बनवलेला असतो. काही गाड्यांत गरम इंजिन पुन्हा चालू करायचं काम पट्ट्यावर फिरणारं एक यंत्र करतं आणि तेच एरवी डायनामो म्हणून बॅटरी भरतं. मारुतीने 2015 मध्ये सियाझ आणि अर्टिगामध्ये ही सोय आणली. दुसरं कारण, चालू करायला जास्त तेल लागतं. चोक ओढून, अॅक्सिलरेटर पंप करून गाडी चालू करायच्या जमान्यात यात तथ्य होतं. आता इंजेक्शन मोजून तेल सोडतं, आणि अमेरिकेतल्या आर्गोन राष्ट्रीय प्रयोगशाळेने तपासून सांगितलेला हिशेब असा की दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं असेल तर बंद करून पुन्हा चालू करणंच स्वस्त. तिसरं कारण बॅटरीचं, आणि ते मात्र खरं आहे. या गाड्यांना ईएफबी किंवा एजीएम प्रकारची बॅटरी लागते आणि ती साध्या बॅटरीपेक्षा चांगलीच महाग असते. तीन-चार वर्षांनी ती उतरली की गावातल्या दुकानात साधी बॅटरी चालतीय की म्हणून बसवून मिळते, आणि मग ती लवकर बसली की दोष यंत्रणेच्या माथी. टर्बोचा मुद्दाही बिनबुडाचा नाही. लांबून जोरात पळवून आणलेली डिझेल गाडी थांबल्याबरोबर बंद करू नये, मिनिटभर टर्बो थंड होऊ द्यावा, हे जुने ड्रायव्हर सांगतात ते योग्यच सांगतात.

चौथी तक्रार एसीची. बीड जिल्ह्यात मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे असतो. इंजिन बंद झालं की एसीचा कॉम्प्रेसर थांबतो, आणि झळा लागू लागल्या की मागे बसलेली मंडळी ड्रायव्हरचा उद्धार सुरू करतात. ही तक्रार ऐकायला पटते, पण तिच्यातच तिचं उत्तर आहे. गाडी थंड करायला एसीला जोर लावावा लागत असेल तोवर ही यंत्रणा इंजिन बंद करतच नाही. केलंच, तर आत गरम होऊ लागताच ती स्वतःहून इंजिन चालू करते. इंजिन पुरतं तापलेलं नसेल तर ती काम करत नाही, बॅटरी उतरलेली असेल तर करत नाही, दार नीट लागलेलं नसेल तर करत नाही. आणि बऱ्याच गाड्यांत ड्रायव्हरने सीटबेल्ट लावलेला नसेल तरीही करत नाही. शेवटच्या अटीशी आल्यावर वडवणीतल्या निम्म्या तक्रारी निकालात निघायला हव्या होत्या. त्या निघत नाहीत, कारण सीटबेल्टचा टिकटिक आवाज बंद व्हावा म्हणून पट्टा सीटच्या मागून नेऊन कायमचा खटक्यात अडकवलेला असतो. ड्रायव्हर त्या पट्ट्यावर रेलून बसतो. गाडी बिचारी समजते की मालक शहाण्यासारखा पट्टा लावून बसला आहे, आणि कर्तव्य म्हणून इंजिन बंद करते. टिकटिक गप्प करायला केलेल्या युक्तीत गाडी फसते आणि शिव्या खाते.

आता विरोधकांचा खरा मुद्दा, तो म्हणजे जागेचा. ही यंत्रणा सिग्नलसाठी आहे, आणि वडवणीत गाडी थांबवणाऱ्या गोष्टींत सिग्नलचा नंबर लागत नाही. इथे गाडी थांबते ती दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर वळण घेताना अडकला म्हणून, आठवडी बाजारातली गर्दी रस्त्यावर आली म्हणून, वरात चालली म्हणून, किंवा समोरून सोयऱ्याची गाडी आली आणि दोघांनी काचा खाली करून रस्त्याच्या मध्यावर सोयरीक बोलायला घेतली म्हणून. या थांबण्याला आकडा नसतो. नव्वद सेकंदांचा लाल दिवा उलटा मोजत येतो, तसं काही इथे नाही. इंजिन बंद होतं न होतं तोच पुढची टायरगाडी चार हात सरकते, मागचा ट्रॅक्टरवाला हॉर्नवर हात ठेवतो, आणि अर्ध्या सेकंदाचा उशीर अब्रूचा प्रश्न होतो. आरं, बंद पडली का काय, असं कुणी म्हटलं की पंधरा लाखांच्या गाडीची किंमत तिथेच पडते. मोटार कंपन्यांना हे दिसत नाही, कारण त्यांचा हिशेब रोलरवर होतो. पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेत गाडीचं अधिकृत अॅव्हरेज ठरतं ते ठरवून दिलेल्या वेळापत्रकाप्रमाणे रोलरवर पळवून, आणि त्या वेळापत्रकात जवळजवळ चौथाई वेळ गाडी उभीच असते. तेवढा वेळ इंजिन बंद राहिलं की कागदावरचा आकडा वाढतो. 2022 पासून कंपन्यांना सरासरी किलोमीटरमागे 113 ग्रॅम कार्बन डायऑक्साइडची मर्यादा आली, आणि त्या हिशेबात स्टार्ट-स्टॉपला थोडी सूटही आहे. तेव्हा ही यंत्रणा गाडीत आली यामागे तुमच्या खिशाची काळजी किती आणि कंपनीच्या वहीची किती, हा प्रश्न विचारणारा माणूस चुकत नाही.

यावर इंजिनिअर मंडळी म्हणतील की गाडी न विचारता बंद होते हा आरोपच खोटा आहे. गिअरच्या गाडीत तुम्ही स्वतः न्यूट्रल केल्याशिवाय आणि क्लच सोडल्याशिवाय इंजिन बंद होत नाही. म्हणजे मालकाने एकदा हाताने आणि एकदा पायाने होकार दिल्यावरच यंत्रणा पुढे होते. युक्तिवाद कायद्याने पक्का आहे, पण ज्याला आपण होकार देतोय हेच ठाऊक नव्हतं त्याचा होकार काय कामाचा? कळल्यावर ड्रायव्हरने लगेच तोड काढली. थांबला तरी गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवायची आणि क्लच दाबूनच धरायचा. इंजिन बंद होत नाही, हे खरं. क्लचप्लेट आणि बेअरिंगचं बिल मात्र यंत्रणेने वर्षात वाचवलं असतं त्या तेलाला पुरून उरतं. ऑटोमॅटिकवाल्यांना ब्रेकवरचा पाय हलका ठेवायची कला साधली आहे. यंत्रणेला चकवण्यात जेवढी बुद्धी खर्च झाली, तिच्या निम्मी बुद्धी कंपनीने बटणात घातली असती तर भांडणच मिटलं असतं. एकदा बंद केलेलं बटण दुसऱ्या दिवशी बंदच राहावं, एवढीच मागणी आहे. ती मान्य होत नाही, कारण ज्या स्थितीत अॅव्हरेजचा दाखला मिळाला ती स्थिती किल्ली फिरवली की परत यायलाच हवी.

मान राखला की हाच माणूस हीच यंत्रणा आनंदाने वापरतो, याचा पुरावा त्याच चौकात स्टँडवर लावलेला आहे. हिरोने 2014 मध्ये स्प्लेंडर आयस्मार्टमध्ये आयथ्रीएस आणलं. गाडी न्यूट्रलमध्ये काही सेकंद उभी राहिली की इंजिन बंद, क्लच दाबला की चालू. तत्त्व तेच, पण त्याच्याविरुद्ध चौकात मोर्चा निघाला नाही. कारण तिथला खटका उजव्या हाताशी आहे, आणि तो ठेवाल तसा राहतो. ज्याला हवं तो चालू ठेवतो, नको तो बंद करून विसरून जातो. शिवाय दुचाकीवाला शंभर-दोनशेचं पेट्रोल भरतो, त्यामुळे वाचलेलं त्याला त्याच आठवड्यात दिसतं. मोटारवाला टाकी फुल्ल करतो आणि वाचलेले पाच-पंचवीस रुपये हजारांत विरून जातात. स्ट्राँग हायब्रिड मोटारी तर याच्या पुढे जातात. इंजिन गाडी धावत असतानाही बंद होतं, आणि तरी त्यांच्या मालकांची कुरकुर ऐकू येत नाही. गाडी मोटरवर गुपचूप पुढे सरकते, एसी बॅटरीवर चालत राहतो. इंजिन बंद होण्याचं दुःख कुणालाच नाही. हादरा बसतो आणि पुन्हा चालू होईल की नाही ही धास्ती वाटते, दुःख त्याचं आहे.

ती धास्ती फुकाची नाही. या भागातल्या दोन पिढ्या गाडी उतारावर लावायला शिकल्या आहेत. सेल्फ गेलेला, बॅटरी उतरलेली, धक्का मारायला चार माणसं लागणार, म्हणून एकदा चालू झालेलं इंजिन मुक्कामापर्यंत बंद करायचं नाही, हा धडा अनुभवाने दिलेला. गाळपाच्या हंगामात तेलगावच्या साखर कारखान्याकडे निघालेले ट्रॅक्टर वजनकाट्यापुढे नंबर लागेपर्यंत धडधडत उभे राहतात ते याच धड्यामुळे. गेलेली लाईट कधी येईल सांगता येत नाही, गेलेला पाऊस कधी येईल सांगता येत नाही, अशा मुलखात बंद झालेली गोष्ट पुन्हा चालू होईल यावर विश्वास ठेवायला जिवावर येतं. पण धडा जुना झाला तरी तो नव्या गाडीत नेला जातो, आणि तोही उलटा लावून. तेलगाव–धारूर रस्त्यावरचा घाट उतरताना हाच ड्रायव्हर गाडी न्यूट्रल करतो, कुणी कुणी किल्लीसुद्धा बंद करतं. तेल वाचतं म्हणे. इंजिन बंद झालं की ब्रेकची मदत दोन-चार दाबांत संपते, पॉवर स्टीअरिंग दगडासारखं जड होतं, आणि घाटात तर वळणामागे वळण. एवढं करून वाचत काहीच नाही. इंजेक्शनची गाडी गिअरमध्ये ठेवून उतारावर पाय काढला की इंजिनला जाणारं तेल पूर्ण थांबतं. न्यूट्रल केली की उलट इंजिन चालू ठेवायला तेल लागतं. जिथे इंजिन बंद करू नये तिथे तो स्वतः करतो, आणि जिथे करावं तिथे यंत्राने केलं तर चिडतो.

राहिला पैशांचा हिशेब, आणि तो दोन्ही पक्षांना गप्प करणारा आहे. लहान पेट्रोल मोटार नुसती उभी राहून तासाला साधारण पाऊण लिटर पिते. लिटरला 105 रुपये धरा. वडवणीत यंत्रणेच्या वाट्याला येणारे बारीकसारीक थांबे दिवसाला तीन मिनिटांचे धरले तर वाचतात चार रुपये. त्यात कटिंग चहासुद्धा येत नाही. म्हणजे बटण दाबणाऱ्याचं फार नुकसान नाही. पण पानटपरीपुढे, बँकेसमोर, कृषी केंद्राच्या दारात, शाळेच्या फाटकाशी गाडी चालू ठेवून उतरायचं, अशी वीस मिनिटं रोज जातात असं धरा. त्याचे दिवसाला सव्वीस रुपये आणि वर्षाचे साडेनऊ हजार होतात. लांब धाग्याच्या कापसाचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता. क्विंटलभर कापूस वेचायला काय लागतं हे बीड जिल्ह्यात कुणाला सांगायला नको, आणि तो उभ्या गाडीच्या नळकांड्यातून जातो. या वीस मिनिटांत यंत्रणा काही करू शकत नाही. ड्रायव्हर पट्टा काढून, दार उघडून खाली उतरला की तिचा अधिकार संपला. तिथे मोटार वाहन कायद्याचं कलम 126 लागतं. सार्वजनिक जागी गाडी उभी करून ड्रायव्हर सीट सोडणार असेल तर इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला हवा, असं 1988 पासून लिहून ठेवलेलं आहे.

तेव्हा निवाडा असा. बटण दाबणाऱ्याला अडाणी म्हणू नये. वडवणीच्या रस्त्यावर त्याचं फारसं चुकत नाही, आणि कंपनीने त्याला विचारलं नव्हतं हे तर निखालस खरं आहे. कंपन्यांनी बटणाला स्मरणशक्ती द्यावी आणि नियम करणाऱ्यांनी ती देऊ द्यावी. हीच गाडी घेऊन पुण्याला लेकाकडे जाल तेव्हा मात्र त्या बटणाला हात लावू नका; तिथले सिग्नल मोठे आहेत आणि यंत्रणा त्यांच्यासाठीच जन्माला आली आहे. गावात राहाल तेव्हा बटण खुशाल दाबा, पण इंजिन बंद करायचा जो हक्क यंत्राकडून हिसकावून घेतलात तो वापरायचाही तुम्हीच आहे. टपरीपुढे थांबलात की किल्ली फिरवा. नव्या गाडीचा सेल्फ दगा देत नाही, आणि दिलाच तर धक्का मारायला वडवणीत माणसांची कमी नाही.